बर्फ पडत असताना कडाडणारी वीज

30 मार्च 1997 हा ईस्टरचा रविवार होता. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील बोस्टन शहरात त्या दिवशी लख्ख ऊन होते आणि पारा 17 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला होता. सोमवारी आभाळ भरून आले, पाऊस सुरू झाला, पुढे त्याच पावसाचा बर्फ झाला. मंगळवारी, 1 एप्रिलला, वादळ शमले, तेव्हा बोस्टनच्या विमानतळावर सुमारे 65 सेंटिमीटर, तर पश्चिमेकडील वूस्टर शहरात सुमारे 84 सेंटिमीटर बर्फ साचला होता. या वादळात बर्फाचा जोर ऐन भरात असताना विजा चमकल्या आणि मेघगर्जनाही ऐकू आली.

आपल्याला वीज ओळखीची आहे ती वळवाची. दुपारभर तापलेली जमीन, चारच्या सुमारास दाटून येणारे ढग आणि मग कडकडाट, हा क्रम इतका अंगवळणी पडलेला आहे की उकाड्याशिवाय वीज संभवत नाही, असेच आपण धरून चालतो. वास्तविक विजेला जमीन तापलेली लागत नाही. ढगातली हवा जोराने वर चढावी लागते. ढगाच्या ज्या थरात तापमान उणे 10 ते उणे 20 अंशांच्या दरम्यान असते, तेथे शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब, हलके हिमस्फटिक आणि मऊ गारा एकत्र आल्या, की वर जाणारे स्फटिक गारांवर आदळतात आणि विद्युतभार विभागला जातो. स्फटिक बहुधा धनभार घेऊन वर जातात, गारा ऋणभारासह खाली राहतात. मराठवाड्यात आणि विदर्भात मार्चच्या गारपिटीबरोबर कडाडणारी वीज याच आदळआपटीतून निर्माण होते.

हिवाळ्यातील नेहमीच्या बर्फाच्या ढगात हवा सेकंदाला जेमतेम काही सेंटिमीटर या संथ गतीने चढते. तेवढ्या गतीने गारा तयार होत नाहीत, म्हणून बहुतेक बर्फवृष्टी मुकी असते.

हंगाम सरत आला की चित्र बदलते. जमिनीलगत उत्तरेकडची थंड हवा पाचरीसारखी शिरलेली असते आणि समुद्रावरून आलेली उबदार, दमट हवा तिच्यावरून चढत जाते. मार्च-एप्रिलमध्ये या हवेत ऊब आणि बाष्प दोन्ही अधिक असते, तर उंचावर हिवाळ्याची थंडी अद्याप टिकून असते. या फरकामुळे वरच्या थरांत हवा एकाएकी उसळते. मात्र हीच ऊब जमिनीपर्यंत उतरली, तर बर्फाऐवजी पाऊस पडतो. गडगडाटाची शक्यता अशी एका अरुंद पट्ट्यात अडकलेली असते आणि तिचा अंदाज बांधताना हवामानतज्ज्ञांना जमिनीवरच्या तापमापकापेक्षा फुग्यांनी वरून पाठवलेल्या नोंदींवर अधिक विसंबावे लागते.

मिसुरी विद्यापीठातील पॅट्रिक मार्केट यांच्या संशोधनाने या दुर्मीळ घटनेला व्यावहारिक महत्त्व मिळवून दिले. हिमवादळात वीज चमकली, तर तिच्यापासून सुमारे 113 किलोमीटरच्या परिसरात किमान 15 सेंटिमीटर बर्फ पडण्याची शक्यता 86 टक्के असते, असे त्यांना आढळले. जेथे हवा इतक्या जोराने चढते, तेथे बर्फही तितक्याच जोराने कोसळतो.

पडणारा बर्फ आवाज शोषून घेतो. एरवी दहा-पंधरा किलोमीटरवरून ऐकू येणारा गडगडाट हिमवर्षावात जेमतेम तीन ते पाच किलोमीटरपर्यंत पोहोचतो. म्हणजे तो कानी पडला, तेव्हा वीज अगदी जवळ असते. 7 मार्च 2018 रोजी न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत, जेथे मराठी कुटुंबांचीही मोठी वस्ती आहे, अशाच वादळात विजा कडाडल्या आणि छत्री धरून उभ्या असलेल्या एका व्यक्तीला विजेचा झटका बसला. सुदैवाने ती व्यक्ती बचावली. अंगणातला बर्फ उपसताना असा दबका गडगडाट ऐकू आला, तर फावडे तेथेच टाकून तत्काळ घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नये.