विंडसरचा ऑर्गनवादक

श्रोतेहो, नमस्कार. लंडनजवळ विंडसरच्या किल्ल्यात सेंट जॉर्ज चॅपल आहे. राजा आठव्या हेन्रीच्या काळात तिथे जॉन मारबेक ऑर्गन वाजवायचा. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे.

त्याला इंग्रजी बायबल हवं होतं. 1537 साली 'मॅथ्यूचं बायबल' या नावाने संपूर्ण इंग्रजी बायबल छापून आलं, पण ते विकत घेण्याची त्याची ऐपत नव्हती. मग त्याने ते मागून आणलं आणि हाताने उतरवून काढायला बसला. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करून यहोशवा या सहाव्या पुस्तकापर्यंत पोचला, तेव्हा एका मित्राने सुचवलं की त्यापेक्षा बायबलात कुठला शब्द कुठेकुठे येतो याची सूची कर. मारबेकला लॅटिन बेताचंच येत होतं. तरी लॅटिन सूचीवरून जागा शोधायच्या आणि इंग्रजी बायबल उघडून पडताळायच्या, असं करत तो 'एल' अक्षरापर्यंत आला.

1543च्या मार्चमध्ये त्याला अटक झाली. जप्त झालेल्या कागदांत मिस्साविधीविरुद्धचं, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या मुख्य चर्च-उपासनेविरुद्धचं, धर्मसुधारक कॅल्व्हिनचं एक पत्र होतं, मारबेकच्या हस्ताक्षरात उतरवलेलं. हेन्रीने पोपशी नातं तोडलं होतं खरं, पण मिस्साविधीवर शंका घेणाऱ्याला त्याच्या राज्यात मरणच होतं. साथीदारांची नावं सांग म्हणून मारबेकवर दबाव आला. त्याने सांगितली नाहीत. आणि ती सूची? इतकं जुजबी लॅटिन येणाऱ्या माणसाचं हे काम असणं शक्यच नाही, असं चौकशी करणाऱ्यांना वाटलं. म्हणून 'एम'पासूनचे शब्द देऊन त्याला लिहायला बसवलं. दुसऱ्या दिवसापर्यंत त्याने तीनहून जास्त ताव भरून दाखवले, असं त्या काळातल्या हुतात्म्यांच्या कथा लिहिणाऱ्या जॉन फॉक्सने नोंदवलं आहे. मला तर इथे त्याच्यापुढे हात जोडावेसे वाटतात. डोक्यावर मरण टांगलेलं, आणि हा माणूस एकेक शब्द शोधून जागच्या जागी लावतोय!

जुलैत शिक्षा झाली. त्याच्याबरोबर दोषी ठरलेले पिअरसन, फिल्मर आणि चॅपलमधलाच गायक टेस्टवुड यांना विंडसरला जिवंत जाळलं. मारबेकला राजाने माफी दिली. सुटल्यावर त्याने सूची पुन्हा पहिल्यापासून लिहिली. ती छापण्याच्या मानाने फार मोठी झाली, म्हणून कापून आणखी एकदा लिहिली. 1550 साली ती प्रसिद्ध झाली. संपूर्ण इंग्रजी बायबलची ती पहिलीच सूची.

त्याच वर्षी त्याने नव्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकाला चाली दिल्या. त्यात दीर्घ ताना नाहीत. बहुतेक ठिकाणी एका अक्षराला एकच सूर, म्हणजे प्रार्थनेतला शब्द ऐकणाऱ्याला स्वच्छ कळावा. 1552मध्ये प्रार्थनापुस्तक बदललं आणि त्या चाली मागे पडल्या. एकोणिसाव्या शतकात त्या पुन्हा बाहेर आल्या आणि अँग्लिकन चर्चमध्ये आजही गायल्या जातात.

सूचीच्या अर्पणपत्रिकेत मारबेक लिहितो, की संगीत शिकण्यात आणि ऑर्गन वाजवण्यात त्याने आयुष्याचा मोठा भाग वाया घालवला. हे मला मुळीच पटत नाही. ज्या चिकाटीने त्याने सूची केली, तीच त्या चालींमध्येही आहे. शब्द सुराखाली दबू नये म्हणून त्याने किती जपलंय, ते एकदा त्या चाली ऐकूनच पाहा.