झाडं लावून माळढोक परत येणार आहे का? वीज कंपन्या आणि जीवसृष्टीचा खरा हिशोब

नमस्कार मंडळी! आज सुरुवात एका पक्ष्यापासून करते, माळढोक. उभा राहिला की मीटरभर उंच, नर तर १५ किलोपर्यंत भरतो, उडू शकणाऱ्या सगळ्यात जड पक्ष्यांमधला एक. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, म्हणजे आजूबाजूचं भरपूर दिसतं पण अगदी समोरचं कमी, आणि उडताना मान खाली करून जमीन न्याहाळत असेल तर पुढे काय आहे ते कळतच नाही. मग हाय टेन्शन लाइनची तार दिसते तेव्हा अंतर उरलेलं नसतं आणि एवढं जड अंग ऐनवेळी वळत नाही.

आता गंमत नाही, दुःख बघा. राजस्थानात जिथे हे शेवटचे माळढोक टिकून आहेत, अख्ख्या देशात मिळून जेमतेम दीडशेच्या आसपास, तिथेच ऊनही भरपूर आणि वाराही भरपूर. म्हणून सोलर तिथे, पवनचक्क्या तिथे, आणि ती वीज बाहेर न्यायला तारा पण तिथेच. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या भागातल्या लाइन शक्य तिथे जमिनीखालून न्या असं सांगितलं, २०२४ मध्ये तो सरसकट आदेश बदलून तज्ज्ञांची कमिटी नेमली, कारण जास्त व्होल्टेजच्या लांबलचक लाइन जमिनीखाली घालणं खरंच अवघड असतं.

लगेच कमेंटमध्ये "मग कोळसाच बरा" असं लिहू नका प्लीज. कोळशाची खाण डोंगर, जंगल, ओढे सगळं खणून काढते, आणि वर धुरामुळे जी तापमानवाढ होते त्यात प्रवाळापासून बेडकांपर्यंत सगळे भरडले जातात. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलाची विहीर फुटली तेव्हा ८७ दिवस तेल समुद्रात जात होतं. त्यामुळे सोलर आणि वारा हवाच, माझं त्याबद्दल अजिबात दुमत नाही. प्रश्न कुठे आणि कसा, एवढाच आहे.

या क्षेत्रात एक चार पायऱ्यांचा नियम मानतात. आधी नुकसान टाळा, टाळता येत नसेल तर कमी करा, झालं असेल ते पूर्ववत करा, आणि तरीही जे उरेल त्याची दुसरीकडे भरपाई करा. क्रम महत्त्वाचा आहे, पण कंपन्यांच्या रिपोर्टमध्ये फोटो सगळे चौथ्या पायरीचे असतात, इतकी लाख झाडं लावली वगैरे. अहो माळढोक हा गवताळ माळावरचा पक्षी आहे, त्याला मोकळं रान लागतं, तिथे तुम्ही झाडं लावलीत तर त्याचं उरलंसुरलं घर पण गेलं! मला याचा मनापासून राग येतो, कारण खरा फरक पहिल्या दोन पायऱ्यांवर पडतो आणि तो कधीकधी फार स्वस्तात पडतो.

वटवाघळांचंच घ्या. उत्तर अमेरिकेत पवनचक्क्यांखाली वटवाघळं मोठ्या संख्येने मेलेली सापडायला लागली. नीट बघितल्यावर लक्षात आलं की ती मरतात मुख्यतः उन्हाळ्याच्या शेवटी आणि पुढे हिवाळ्याआधी, त्यांच्या स्थलांतराच्या दिवसांत, रात्री, आणि तेही वारा मंद असताना. का? कारण जोराच्या वाऱ्यात ती फारशी उडतच नाहीत. आणि मंद वाऱ्यात टर्बाइन वीज तरी किती बनवणार, अगदी थोडी. मग पेनसिल्वेनियातल्या एका प्रकल्पात २००८ आणि २००९ मध्ये प्रयोग केला, एरवी वारा सेकंदाला साधारण साडेतीन मीटर झाला की पाती वीज बनवायला लागतात, ती मर्यादा त्या दिवसांत रात्रीपुरती ५ आणि साडेसहा मीटरवर नेली. वटवाघळांचे मृत्यू रात्रीमागे ४४ ते ९३ टक्क्यांनी कमी झाले, आणि वर्षभराच्या विजेतलं नुकसान? १ टक्का किंवा त्याहून कमी. नवीन मशीन नाही, जमीन नाही, फक्त सेटिंग बदललं. बहुतेक वटवाघळांना वर्षाला एखाद-दुसरंच पिल्लू होतं, त्यामुळे मेलेल्यांची भर निघायला खूप वर्षं जातात, म्हणून हे इतकं मोलाचं.

नॉर्वेत स्मोला नावाच्या बेटावर वेगळं केलं. तिथे गरुड पात्यांना धडकून मरायचे. पाती वेगात फिरली की तिन्ही मिळून एक धूसर चकती होते, डोळ्याला पातं असं वेगळं दिसतच नाही. म्हणून चार टर्बाइनचं तीनपैकी एक पातं काळं रंगवलं, आणि शेजारच्या न रंगवलेल्या टर्बाइनच्या तुलनेत पक्ष्यांचे मृत्यू ७० टक्क्यांहून जास्त कमी झाले. टर्बाइन चारच होते, त्यामुळे सगळीकडे असंच होईल असं मी म्हणणार नाही.

समुद्रातली गोष्ट तर मला फार आवडते. समुद्रात पवनचक्की उभी करायची तर मोठाले पोलादी खांब तळात ठोकावे लागतात, आणि तो आवाज पाण्यातून खूप लांब जातो, डॉल्फिनसारखा पॉरपॉइज नावाचा प्राणी आवाजावरच शिकार शोधतो, त्याच्या कानावर घणाचे घाव! जर्मनीने मर्यादाच घातली, ७५० मीटरवर १६० डेसिबलच्या वर जायचं नाही. मग काय करतात, खांबाभोवती तळावर भोकं पाडलेला पाइप गोल अंथरतात, त्यात कॉम्प्रेसरने हवा सोडतात, आणि खालून वरपर्यंत बुडबुड्यांचा पडदा उभा राहतो. आवाज त्या पडद्यात बराचसा अडतो. कायदा आधी आला म्हणून कंपन्यांनी हे तंत्र पक्कं केलं, उलट नाही.

अजून एक गोष्ट, मोजणी. टर्बाइनखाली किती पक्षी मेले हे माणसं चालत जाऊन शोधतात, पण तोपर्यंत कोल्हा किंवा कावळा येऊन उचलून नेतो, आणि वटवाघूळ तर गवतात दिसतही नाही. म्हणून नीट काम करणारे आधी स्वतःच काही मेलेले पक्षी मोजून ठेवतात, त्यातले किती सापडले आणि किती दिवस टिकले ते बघतात, मग त्या हिशोबाने आकडा वाढवून लावतात. काही ठिकाणी वास घेणारी कुत्री नेतात, ती माणसांपेक्षा कितीतरी जास्त वटवाघळं शोधतात. त्यामुळे रिपोर्टमध्ये "फक्त दोन पक्षी मृत" दिसलं की कोणी, किती दिवसांनी शोधले ते आधी विचारा.

आणि धरणं. अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीवर जलविद्युतची चार धरणं होती, सॅमन मासे समुद्रातून वर अंडी घालायला यायचे ते तिथेच अडायचे, आणि नदीकाठच्या आदिवासी लोकांनी कित्येक वर्षं लढा दिला. २०२४ मध्ये चारही धरणं काढून झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, काम संपून जेमतेम काही आठवडे झाले होते, तेवढ्यात धरणांच्या वरच्या भागात सॅमन दिसले, शंभरहून जास्त वर्षांनी.