बिग सायप्रस : वीतभर उंचीवर पालटणारे अरण्य

दक्षिण फ्लोरिडातील बिग सायप्रस या संरक्षित प्रदेशाविषयी बोलताना मला आपले लक्ष मुख्यतः जमिनीच्या उंचीकडे वेधायचे आहे. सह्याद्रीत हिंडणाऱ्यांच्या मनात उंची म्हटले की कडे आणि घाट उभे राहतात. परंतु सुमारे २,९५० चौरस किलोमीटरच्या या पाणथळ प्रदेशात वीत-दोन वीत चढउताराने अरण्याचे सारे स्वरूप पालटते. मुख्यतः मे ते ऑक्टोबर या काळात पडणारा पाऊस चुनखडीच्या जवळजवळ सपाट खडकावर पसरतो आणि अतिशय संथपणे नैर्ऋत्येकडे, मेक्सिकोच्या आखाताकाठच्या खारफुटीत उतरतो.

फ्लोरिडा ट्रेल ही लांब पल्ल्याची पायवाट याच प्रदेशात सुरू होते, आणि झाडांवरच्या नारिंगी पट्ट्यांच्या खुणेने चालताना हा चढउतार आधी पायांना कळतो. पाइनच्या रानात बूट कोरडे असतात. थोडे पुढे गेले की पाणी घोट्याला लागते आणि बुटक्या सायप्रसची विरळ झाडी सुरू होते. ही झाडे कोवळी वाटतात, पण त्यांतली कित्येक शंभराहून अधिक वर्षांची असतात. खडकावर माती जेमतेम असल्याने त्यांची वाढ खुंटलेली असते. याउलट खडकातल्या खोलगट जागी, जिथे पाणी गुडघ्याच्या वर येते, तिथे मधोमध गाळ सर्वांत जाड साठतो, त्यामुळे मधली झाडे सर्वांत उंच वाढतात, कडेची ठेंगणी राहतात आणि दुरून त्या झाडीला घुमटाचा आकार आलेला दिसतो. जमीन जिथे सर्वांत खोल, तिथेच रान सर्वांत उंच, हे मला फार विलक्षण वाटते. हातात काठी मात्र हवीच, कारण पाणी स्वच्छ असले तरी खडकातली भोके कुजक्या पानांखाली झाकलेली असतात.

हिवाळ्यात पाणी ओसरू लागले की इथले प्राणिजीवन नजरेस पडते. अ‍ॅलिगेटर तोंडाने आणि शेपटीने चिखल उपसून आपली डबकी खोल राखतात; उरलेले पाणी तिथेच टिकते आणि मासे, कासवे, बगळे यांची तिथे दाटी होते. भिगवणला दिसणाऱ्या चित्रबलाकाचा भाऊबंद असलेला वुड स्टॉर्क अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून चालतो आणि मासा चोचीला लागताच ती क्षणार्धात मिटतो. स्पर्शाने शिकार करणाऱ्या या पक्ष्याला मासे दाटीवाटीनेच असावे लागतात; अवेळी पावसाने पाणी चढले तर मासे पांगतात आणि पक्षी पिल्लांसकट घरटी सोडून जातात.

अशा भूमीवर माणसाने घातलेला साधा भरावही बांध ठरतो. १९२८ मध्ये खुल्या झालेल्या टामियामी ट्रेल या रस्त्याने पाण्याचा प्रवाह अडवला. १९६८ मध्ये येथे प्रचंड विमानतळाचे काम सुरू झाले. तीव्र विरोधामुळे ते एका धावपट्टीवर थांबले आणि १९७४ मध्ये हा प्रदेश संरक्षित झाला. मिकोसुकी आणि सेमिनोल या मूळ रहिवाशांचे पारंपरिक हक्क कायद्याने राखले गेले, हे योग्यच झाले. मात्र शिकारीबरोबर दलदलीत चालणाऱ्या वाहनांनाही मुभा राहिली, आणि त्यांच्या चाकोऱ्या मऊ मातीत खोल रुतून पाण्याच्या वाटाच बदलू लागल्या. म्हणून वाहनांना आखून दिलेल्या मार्गांपुरते मर्यादित ठेवणारा २००० सालचा आराखडा मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याची अंमलबजावणी कोणत्याही दबावाखाली सैल होऊ नये, असे मी आग्रहाने म्हणेन.