तुटतं ते पाय काढल्यावर

नमस्कार. जास्त आरपीएमचं, म्हणजे मिनिटाला जास्त फेरे घेणारं, इंजिन सुरक्षित कसं बांधायचं, यावर बोला म्हणून तुमच्या सरांनी सांगितलंय. मी वर्कशॉपमधला माणूस, फळ्याशी माझं फारसं जमत नाही. तरी आज एक गणित करावंच लागेल.

होंडाची एस २००० ही गाडी १९९९ साली आली. दोन लिटरचं बिनटर्बोचं इंजिन, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ८४ मिलिमीटर आणि लाल रेघ, म्हणजे फेऱ्यांची मर्यादा, मिनिटाला ९००० वर. ९००० म्हणजे सेकंदाला १५० फेरे. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर थांबतो, एकदा खाली. म्हणजे सेकंदाला ३०० वेळा त्याला थांबवून उलटं पळवायचं. हिशेब मांडला तर वरच्या टोकाला पिस्टन स्वतःच्या वजनाच्या साडेचार हजार पटींहून जास्त जोराने रॉडला, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याला, ओढतो. पिन-रिंगांसकट अर्धा किलो धरा, दोन टनांच्या वर गेलं. आणि ही ओढ फेऱ्यांच्या वर्गाने वाढते. ६००० ला सुखाने चालणारं इंजिन ९००० ला नेलंत, तर फेरे दीडपट होतात, पण ओढ सव्वादोनपट.

उपाय दोनच, स्ट्रोक आखूड करा आणि वजन उतरवा. २००६ साली फॉर्म्युला वनमध्ये २.४ लिटरची व्ही-८ इंजिनं आली, त्यात कॉसवर्थचं इंजिन २०,००० फेऱ्यांपर्यंत गेलं. स्ट्रोक किती? जेमतेम ४० मिलिमीटर. पिस्टनचा सरासरी वेग काढलात तर सेकंदाला साडेसव्वीस मीटरच्या आसपास येतो. एस २०००चा पंचवीस. आकडा ऐकून डोळे पांढरे होतात, पण या एका मापात दोघी शेजारणी आहेत. वजनाच्या पटीत मोजलेली ओढ मात्र तिकडे दुपटीच्या वर, म्हणून पिस्टन बुटका आणि हलका.

आता मला सांगा, रॉड तुटतो कधी? (मागून उत्तर : स्फोट होतो तेव्हा.) सगळे हेच म्हणतात, मीही म्हणायचो. स्फोटाचा दाब पिस्टनला खाली रेटतो, रॉड दाबला जातो, आणि दाब सोसायला रॉड तगडा असतो. खरा घात एक्झॉस्ट स्ट्रोकच्या, म्हणजे जळालेला वायू बाहेर ढकलणाऱ्या खेपेच्या, शेवटी होतो. पिस्टन वर सुसाट निघालेला, व्हॉल्व्ह उघडे, वरून अडवायला दाब नाही. त्याला थांबवायचं सगळं ओझं रॉडवर आणि त्याचं खालचं टोक क्रँकभोवती आवळणाऱ्या कॅपच्या दोन बोल्टांवर.

मारुती एस्टीमच्या रॅली इंजिनात मी एकदा जुनेच रॉड बोल्ट परत बसवले. दिसायला नव्यासारखे होते, आणि चार पैसे वाचत होते. सरावात सरळ रस्ता संपला, ड्रायव्हरने वरच्या फेऱ्यांवर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. 'अहो, मी तर पाय काढला होता!' तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. पाय काढल्यामुळेच सिलिंडरमधला दाब गेला, हे त्याला त्या वेळी कुठल्या तोंडाने सांगू?

बोल्टचं म्हणून जरा सविस्तर सांगतो. बोल्ट ही एक कडक स्प्रिंग आहे. पिस्टनच्या ओढीपेक्षा जास्त ताण आपण तिला आधीच देऊन ठेवला, तर कॅप आणि रॉडमध्ये फट पडत नाही आणि बोल्टला ओढीतली चढउतार फारशी जाणवत नाही. ताण कमी पडला की दर फेऱ्याला तो ताणतो, सुटतो. तार वाकवून वाकवून तोडतो ना आपण, तसाच तो जातो.

हा ताण टॉर्क पान्यावर नीट कळत नाही. तुमच्या जोरातला साधारण नव्वद टक्के भाग बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो. आटे कोरडे की तेलकट, एवढ्यानेच हिशेब बदलतो. म्हणून बोल्टची लांबी आधी मोजायची, आवळताना किती वाढली ते मोजायचं. वाढ साधारण ०.१५ मिलिमीटर, नेमका आकडा बोल्ट बनवणारा देतो. खोलल्यावर बोल्ट मूळ लांबीपेक्षा ०.०२५ मिलिमीटरहून जास्त लांब राहिला, की भंगारात. माझे ते जुने बोल्ट मी मोजलेच नव्हते.

व्हॉल्व्हची गत वेगळी. ९००० ला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ७५ वेळा उघडतो. स्प्रिंग मागे पडली की व्हॉल्व्ह त्याला उघडणाऱ्या कॅमचं ऐकत नाही, तरंगतो आणि पिस्टनच्या वाटेत येतो. कडक स्प्रिंग, हलका व्हॉल्व्ह, हे झालंच. रेनॉने १९८६ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये स्प्रिंगच काढली आणि तिथे दाबाखालची हवा बसवली. वर सांगितलेले २०,००० फेरे तिच्याशिवाय गाठता आले नसते. ऑइलबद्दल एकच सांगतो. वळणावर ऑइल संपच्या, म्हणजे तळातल्या ऑइलच्या भांड्याच्या, एका कडेला पळालं आणि पंपाने क्षणभर हवा ओढली, तरी शेल, म्हणजे क्रँकचे बेअरिंग, गेले.

आणि रेव्ह लिमिटरच्या भरवशावर राहू नका. फेरे मर्यादेपुढे गेले की तो पेट्रोल किंवा स्पार्क तोडतो, एवढंच. चौथ्या गिअरमधून तिसऱ्याऐवजी पहिला पडला तर इंजिनाला चाकं फिरवतात, लिमिटर बिचारा काय करणार?

बरं, टेबलावर दोन बोल्ट ठेवलेत. एक कोरा, एक त्या एस्टीमच्या न तुटलेल्या रॉडमधला. मायक्रोमीटर शेजारीच आहे. आधी डोळ्यांनी ओळखून बघा, मग मोजा. मागच्या बाकांवरचे आधी या.