फिरतं कोण, थांबतं कोण?

(दृश्य: टेबलावर सायकलचं मागचं हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा. एका हाताने एक्सल (मधला दांडा) धरलेला, दुसऱ्या हाताने कवच फिरवलेलं. कट्-कट्-कट् असा आवाज.)

पेडल मारणं थांबवलं की मागच्या चाकातून येणारा हा आवाज. आज मात्र या हबला चाक नाही, आरेही नाहीत. त्याला आता पेडलच्या जोरावर धार लावायचा दगड फिरवायचाय, किंवा पाण्याचा पंप, किंवा जनरेटर. जुन्या सायकलीतून निघालेलं कुठलंही हब चालेल, असं आधी वाटतं.

नीट बघा. मधला एक्सल जागच्या जागी आहे. फिरतंय ते त्याच्याभोवतीचं कवच. मोटर, पंखा, लेथ हाताळलेल्या माणसाच्या डोक्यात शाफ्ट फिरतो हेच पक्कं बसलेलं असतं. मग तो एक्सलच्या टोकाला पुली घट्ट बसवतो, जोरात पेडल मारतो, आणि पुली हलतसुद्धा नाही. (हे ऐकीव नाही. त्या पुलीचे पैसे मी भरलेत.)

म्हणजे चेनने आत आलेली ताकद बाहेर घ्यायची तर कवचावरूनच. पण कवचावर पकडायचं कुठे? आऱ्यांची भोकं जेमतेम अडीच मिलिमीटरची, आणि त्यांच्यावरचा भार छत्तीस आऱ्यांत वाटला जाईल असं गृहीत धरलेलं. तिथे तीन-चार बारीक बोल्ट घालून पुली टांगली तर कडा तडकायची भीती.

(दृश्य: डिस्क ब्रेकचं हब, डावी बाजू जवळून.)

इथे डिस्क ब्रेकचं हब कामाला येतं. डाव्या बाजूला ४४ मिलिमीटरच्या वर्तुळावर सहा भोकं, पाच मिलिमीटरचे बोल्ट, आणि ब्रेकचा झटका सोसेल एवढी मजबुती. डिस्कच्या जागी दातेरी चक्र बसवलं की उजवीकडून चेन आत, डावीकडून दुसरी चेन बाहेर. दोन चेनमधला जोडणारा शाफ्ट आयता तयार. माझी पहिली पसंती हीच.

जनरेटरसारखं भरभर फिरणारं काही जोडायचं असेल तर अख्खं चाकच राहू द्या. टायर काढून रिमच्या खाचेत पट्टा घाला. एवढी मोठी पुली वेगळी बनवायला गेलात तर घाम फुटेल.

हब उलटं बसवून चेन डावीकडे घ्यायचा मोह होतो. तो आवरा. साधं फ्रीव्हील, म्हणजे एकाच दिशेने पकडणारं आणि तो कट्-कट् आवाज करणारं दातेरी चक्र, १.३७ इंचाच्या, इंचाला २४ आटे असलेल्या चुडीवर बसतं आणि पेडलच्या जोरानेच आवळत जातं. बाजू बदलली की पुढे पेडल मारताना आतले खटके नुसते घसरतात.

यंत्राला जड फ्लायव्हील (गती टिकवून धरणारं चाक) असेल तर फ्रीव्हील हवंच. फिक्स हबवर, म्हणजे दातेरी चक्र कवचालाच जखडलेल्या हबवर, पाय थांबले तरी चाक थांबत नाही, ते पायांनाच फिरवतं. यंत्र उलटंही फिरवायचं असेल तरच फिक्स हब घ्या.

आता भार. साधा माणूस बराच वेळ ७५ वॉटच्या आसपास ताकद देतो. मिनिटाला साठ फेऱ्या धरल्या तर क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) साधारण १२ न्यूटन-मीटर पीळ पडतो. हब हे हसत सोसतं. पण अडकलेलं यंत्र सोडवायला सत्तर किलोचा माणूस पेडलवर उभा राहिला की १७० मिलिमीटरचा क्रँक आणि पुढचं ४८ दात्यांचं चक्र मिळून चेनवर १२० किलोंहून जास्त ओढ येते. हिशेब या क्षणाचा करायचा. फ्रीव्हील चुडीवर बसतं त्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे बरेच आत असतात, एक्सलचं टोक आधाराविना लांब राहतं आणि तिथेच वाकतं. कॅसेटच्या हबमध्ये (खटके हबमध्येच असतात आणि दातेरी चक्रांचा संच वरून सरकवून बसवतात) छर्रे पार बाहेरच्या टोकाशी असतात. त्यातही नटांचा भरीव एक्सल घ्या, पोकळ नको. आणि सांगाडा वेल्ड करण्याआधी दोन लॉकनटांमधलं (एक्सलवरच्या, सांगाड्याला आतून टेकणाऱ्या नटांमधलं) अंतर मोजा: पुढचं हब बहुधा १००, मागचं १३० किंवा १३५ मिलिमीटर.

राहिलं तीन गिअरचं हब, ज्याचे गिअर आतच असतात. जुन्या स्टर्मी-आर्चर कंपनीच्या हबमध्ये गिअर तीन: पाऊणपट, एकास एक आणि सव्वापटीहून थोडा जास्त. भार बदलणाऱ्या कामाला उत्तम, कारण चेन जागची हलत नाही. पण आतलं मधलं चक्र एक्सललाच जखडलेलं असतं. गिअर लागला की ते एक्सललाही पिळायला बघतं. म्हणून त्या एक्सलला दोन्ही बाजूंनी चपटं केलेलं असतं आणि खाचेत बसणारे दातेरी वॉशर सोबत येतात. सांगाड्यात नुसतं गोल भोक पाडलंत, तर इतका वेळ जागचा न हललेला एक्सल पहिल्याच जोराला गरकन फिरतो आणि गिअरची केबल ओढून घेतो.

(दृश्य: पट्टीला गोल भोक नाही, कानशीने घासून केलेली चपटी खाच. एक्सल तिच्यात सरकतो. वॉशर. नट. पाना.)