घोटभर पाण्याची मोजदाद

श्रोतेहो, नमस्कार. हाताशी पाण्याचा पेला असेल तर एक घोट घ्या. साधारण १८ ग्रॅम पाणी पोटात गेलं, रसायनशास्त्रात त्याला म्हणतात एक मोल. त्यात रेणू किती? सहा, शून्य, दोन, दोन आणि त्यापुढे वीस शून्यं. सगळी वाचत बसलो तर पंधराव्या शून्यापाशी तुम्हीही चुकाल, मीही.

आपल्याकडे मोठ्या संख्यांना नावांची वाण नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली यादी एकं, दहं, शतं करत, अब्ज-खर्व ओलांडत परार्धाला थांबते. परार्ध म्हणजे एकावर १७ शून्यं. त्या हिशेबानं आपल्या घोटात साठ लाख बावीस हजार परार्ध रेणू! म्हणायला झकास, पण याला भागून दाखवा बरं.

म्हणून रसायनवाले लिहितात, ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात. हा इटलीचे शास्त्रज्ञ ॲव्होगाड्रो यांच्या नावाचा आकडा. ते १८५६ साली वारले, त्यांनी तो कधी पाहिलाच नाही. बारावीला लॉग टेबल चाळलेल्यांना आठवेल, याचा लॉग, म्हणजे दहाचा कितवा घात केला की ही संख्या येते तो आकडा, २३.७७९७. डावीकडचा २३ म्हणजे तोच घात.

आता बघा. २०११ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सुमारे १ कोटी २४ लाख, म्हणजे १.२४ गुणिले दहाचा सातवा घात. प्रत्येकानं सेकंदाला एक रेणू मोजायचा. झोप नाही, जेवण नाही. भागताना घातांची नुसती वजाबाकी: २३ मधून ७ गेले, उरले १६. सहाला सव्वानं भागलं, आले जवळपास पाच. झाले सेकंद. वर्षाचे सेकंद तीन कोटींच्या थोडे वर, पुन्हा सातवा घात. १६ मधून ७ गेले, उरले ९. पाचाला तीननं भागलं, दीडच्या आसपास. दीडशे कोटी वर्षं! वांद्र्याहून गाडी सुटताना धरलेला हिशेब माहीमच्या आत संपतो, उभ्या उभ्या, पेन न काढता.

मला मात्र या पद्धतीचा दुसराच गुण मोठा वाटतो. वीस शून्यं छापली की ती मोजून काढल्यासारखी दिसतात. खरं तर ती लोकलमधल्या रुमालासारखी, नुसती जागा धरून बसलेली. ६.०२२ लिहिलं की कळतं, खात्री या चारच अंकांची.

२० मे २०१९ पासून हा आकडा व्याख्येनंच पक्का झाला आहे, ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तोच तेविसावा घात. त्यापुढची पंधरा शून्यं मात्र रुमाल नव्हेत, खरोखरची शून्यं आहेत. नमस्कार.