लांबीखालचा गंज

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'एमजीबीच्या सिलची दुरुस्ती'. एमजीबी म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आणि सिल म्हणजे दाराखालची पत्र्याची पोकळ पट्टी. सिलपर्यंत पोचूच, पण आधी लांबीबद्दल, म्हणजे पत्र्याचे खड्डे भरायच्या पुट्टीबद्दल, बोलायलाच हवं.

गाडी चवथीआधी हवी असते. दाराखाली दोन फोड आलेले असतात. ग्राइंडर फिरतो, पत्रा चकाकतो, वर लांबी, वर रंग. पुढच्या पावसात तिथेच चार फोड. मालक पेंटरवर चिडतो, पेंटर रंगाच्या डब्यावर. रंगाचा काय दोष? फोड दिसतो तेव्हा गंज आतून पत्रा पोखरून बाहेर पोचलेला असतो.

आपल्या गोव्यात मिरामार, दोनापावलच्या समुद्री वाऱ्यातलं मीठ सिलच्या पोकळीत जाऊन बसतं. आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून विरघळतं. आपल्या पावसाळ्यात ती बहुतेक वेळ वरच असते. म्हणजे शेडमध्ये कोरडी दिसणारी गाडी आतून भिजलेलीच. त्यात पॉलिएस्टर लांबी स्वतः ओल शोषते.

पातळ चुंबक फडक्यात गुंडाळून फिरवा. पकड ढिली झाली की खाली लांबी जाड. बाहेरच्या गाड्यांवर जरूर करून बघा, मालकाला विचारून. (हशा) मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. घासलेल्या पत्र्यावर टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके राहतात, ते नीट बघा. गोड्या पाण्याने धुऊन, सुकवून रात्रभर ठेवा. सकाळी ठिपक्याभोवती तांबूस कडा आली, तर मीठ अजून आत आहे. परत धुवा. तारेचा ब्रश ठिपका नुसता चमकवतो.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय, तर सिल भराभर सांगतो.

1962 साली आलेल्या एमजीबीला वेगळी चॅसी नाही. रोडस्टरला छप्परही नाही, म्हणून ताकद सगळी सिलमध्ये: बाहेरची, आतली, मधला पडदा, खाली कॅसल रेल नावाची पन्हळ. गाडी चाकांच्या बाजूने टेकवा, लटकवू नका. दाराच्या चौकटीत 25 मिमी चौकोनी पाइप आडवा वेल्ड करा, मगच कापा. नाहीतर गाडी मधे बसते आणि दार लागत नाही. एका वेळी एकच बाजू. पुढचं फेंडर बोल्टवर सुटतं, मागच्याचा खालचा भाग कापावा लागतो, कारण सिल त्याच्या आत जाते.

सडक्या भागापलीकडे 25 मिमी चांगला पत्रा लागेपर्यंत कापा. नवा पत्रा 0.9 मिमी, मिग वेल्डिंगची तार 0.6 मिमी. जोडाच्या आत झिंक प्रायमर. कडेला 6 मिमीची भोकं पाडून प्लग वेल्ड, म्हणजे भोक वेल्डने भरून खालच्या पत्र्याला जोडायचं, साधारण 30 मिमी अंतराने. टाके एका ओळीत सलग मारू नका, पत्रा तापून वाकतो. दर थोड्या टाक्यांनी दार लावून फट बघा.

शेवटी इपॉक्सी प्रायमर, आणि लांबी त्याच्यावर, 2-3 मिमीपेक्षा जाड नको. रंग झाला की सिलच्या पोकळीत मेण फवारा. खालची पाणी निघायची भोकं मेणाने बुजली असतील, तर तार घालून मोकळी करा, आणि दर मे महिन्यात पुन्हा बघा.